बारवेच्या तळाचे दोन थर

आधी चाचींचं सांगते. नाहीतर मी माझंच गाऱ्हाणं सांगत बसेन आणि त्यांचं राहून जाईल.

बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. दुकानामागे घर, आणि जिना चढून वर एक खोली. त्या खोलीत मी राहते. चाची तीन पिढ्यांच्या पुणेकर, मुसलमान, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. मी गोंदियाकडची, आठवीत शाळा सोडलेली, एक रात्र आणि अर्धा दिवस गाडीत बसून इथे आलेली. गल्ली त्यांना चाची म्हणते, म्हणून मीही म्हणते. राहायला जागा त्यांनी दिली, हाताला काम त्यांनी दिलं. काच कशी कापायची, फ्रेमच्या पट्टीचा कोपरा कसा जुळवायचा, गिऱ्हाईक खोटं बोलत असलं तरी त्याला पाणी कसं द्यायचं, हे सगळं त्यांच्याकडून शिकले. वरच्या खोलीत लेझरचं मशीनही त्यांनीच ठेवू दिलं. त्यांच्या जागी मी असते तर ठेवू दिलं नसतं.

आज चाची बोलताना मध्येच थांबतात, आणि छातीतून बारीक शिट्टी वाजते. ती माझ्यामुळे वाजते.

खराडीच्या एका कंपनीत मी हाउसकीपिंगला होते. तिथे रिसेप्शनच्या भिंतीवर लाकडी डोंगर होते. एकामागे एक डोंगररांगा, प्रत्येक रांग वेगळ्या फळीतून कापलेली आणि एकावर एक चिकटवलेली. लांबून चित्र वाटायचं, जवळ गेलं की पायऱ्या दिसायच्या. त्या पायऱ्यांवर धूळ बसायची ती फडक्याने निघत नसे, म्हणून मी रंगाचा जुना ब्रश नेऊन ठेवला होता. लोक यायच्या आत रोज ते डोंगर झाडायचे. बाकी साफसफाई मी हात चालवून उरकायची, पण ते काम मला आवडायचं.

एकदा एसी दुरुस्त करणाऱ्याची शिडी लागून ते पडलं आणि दोन रांगा मोडल्या. सुपरवायझर म्हणाले, "तुमच्याकडे कोणी फ्रेमवाला असला तर बघा, नाहीतर टाकून द्या." मी ते चादरीत बांधलं आणि बसने बिबवेवाडीला आणून चाचींच्या काउंटरवर ठेवलं. तोवर आमची नुसती तोंडओळख होती.

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "लाकूड नाही हे. भुसा दाबून केलेली फळी आहे, एमडीएफ. मोठ्या लोकांचं असंच असतं." मग विचारलं, "थर किती?"

"सात जी."

"न बघता सांगतेस? मोजले होतेस?"

"मोजले नाही जी. पुसले."

त्या हसल्या. "आणि हे 'जी' कशाला? मी काय कलेक्टर आहे?"

"आमच्याकडे म्हणतात जी."

"म्हण बापडी. फुकटचा मान मिळतोय, मी कशाला सोडू?"

पुढे कंपनीने साफसफाईचा ठेकेदार बदलला आणि आमच्यातल्या निम्म्या जणींना येऊ नका म्हणून सांगितलं. गावी परत जाऊन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. दोन दिवस मी तेव्हाच्या माझ्या खोलीत पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी दुकानासमोर जाऊन उभी राहिले. चाचींनी काही विचारलं नाही. "उभी राहून काय होणार? तो ब्रश घे आणि पट्ट्यांना पॉलिश मार," एवढंच म्हणाल्या. महिन्याभराने म्हणाल्या की वरची खोली रिकामीच आहे.

मशीन इंजिनीअरिंगच्या एका मुलाचं होतं. शिक्षण संपवून तो गावी निघाला होता आणि ते जड धूड त्याला न्यायचं नव्हतं. चाचींनी त्याच्या सगळ्या सर्टिफिकेटांना फ्रेमा करून दिल्या आणि मशीन ठेवून घेतलं. ॲल्युमिनियमच्या चार दांड्या, त्यांच्यावर सरकणारी एक डबी, आणि डबीतून निघणारा निळा ठिपका. तीन मिलिमीटरची फळी दोन फेऱ्यांत कापायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी शिकले. इंग्रजी कळत नसे, पण हात कसे चालतात ते दिसायचं. चित्राचे थर पाडायचे, सगळ्यात खालचा अख्खा ठेवायचा, आणि वरच्या प्रत्येक थराला खालच्यापेक्षा मोठं भोक. मग कडांवरची काजळी पॉलिशपेपरने घासायची, रंग द्यायचा, गोंद लावायचा आणि वर दुकानातल्या जाड काचा वजन म्हणून ठेवायच्या. सुरुवातीला माझे पक्षी खाली पडायचे. आकाशातला पक्षी कशालाच जोडलेला नसतो, कापला की तो सुटून मशीनच्या तळाशी जातो, हे कळायला मला वेळ लागला. चाची तो उचलून माझ्या तळहातावर ठेवायच्या. "घे. उडाली तुझी चिमणी."

मला भीती फार. लेझरने फळी कधीकधी पेट घेते, म्हणून मी एक नियम केला होता: मशीन चालू असताना कोणीतरी शेजारी बसलंच पाहिजे, पाण्याचा फवारा हातात घेऊन. उठायचं नाही. चाचींनाही मी तो नियम पंचवीस वेळा ऐकवला होता. "हो गं बाई, उठत नाही. नमाजाला तरी उठू देशील का?" असं त्या म्हणायच्या.

दुसरा नियम शिकवला तो लेझरचं जॉबवर्क करणाऱ्या एका दादांनी. मोठी कापणी असली की मी त्यांच्या शेडवर जात असे. ते म्हणाले होते, "ताई, काय कापताय ते ठाऊक नसेल तर कापू नका. पीव्हीसी प्लास्टिक असेल तर त्यातून विषारी वायू निघतो." आणि त्यांनी परीक्षा दाखवली. तांब्याची तार गॅसवर लाल करायची, त्या वस्तूच्या कोपऱ्याला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर ती वस्तू मशीनजवळसुद्धा न्यायची नाही. मी तार घरी आणून खिळ्याला टांगली. नवीन फळी आली की आधी तार लावायची. एकदाही चुकले नव्हते.

मग बारवेचं काम आलं. खराडीला नवीन फ्लॅट घेतलेल्या एका गृहस्थांना गृहप्रवेशासाठी त्यांच्या गावची बारव भिंतीवर हवी होती. पायऱ्यांची जुनी विहीर, वरून खाली बघितल्यासारखी. चौकोनात चौकोन, नऊ थर. वरचा थर उन्हासारखा फिकट आणि तळाकडे गडद होत जाणारा. मला ते काम इतकं आवडलं की जेवताना मी भाजीत चौकोन काढायची. सात थर झाले. तळाचे दोन मात्र जमेनात. त्यांना अक्रोडाचा गडद रंग हवा होता आणि एमडीएफवर तो डागाडागांनी बसायचा. तीन वेळा रंगवलं, तीन वेळा घासलं. गृहप्रवेश चार दिवसांवर आला. मी चाचींसमोर रडकुंडीला आले. 

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जिना चढून वर आल्या, धापा टाकत आणि हसत. काखेत वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा. ओळखीच्या सुताराचं कुठल्याशा फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चाललं होतं, तिथे जाऊन उरलेले तुकडे मागून आणले होते. दोन बस बदलून, गठ्ठा मांडीवर घेऊन.

"बघ. वॉलनट. रंगवायची भानगडच नाही."

खरंच सुंदर होते. गडद तपकिरी, वर लाकडाच्या रेषा. मी एक तुकडा हातात घेतला. फार हलका लागला. कड बघितली. फळीची कड तपकिरी असते, ही प्लास्टिकसारखी पांढरट होती.

त्याच वेळी मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण तार लावायला हवी एवढं नक्की कळलं होतं. तार समोर खिळ्यावर होती. गॅस चार पावलांवर होता. दोन मिनिटांचं काम.

चाची खाटेवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि चेहरा असा की बाजारातून लेकीसाठी साडी आणली आहे आणि आता ती उलगडणार आहे. मला वाटलं, यांच्यासमोर मी तार तापवली तर त्याचा अर्थ काय होईल? ज्या बाईने मला घरात घेतलं तिने आणलेलं मी विस्तवावर धरून बघते? आमच्याकडे कोणी घरी आणून दिलेल्या वस्तूला नाक लावून बघत नाहीत. तसंच वाटलं मला.

"चांगले आहेत जी," मी म्हणाले, आणि तुकडा मशीनवर लावून ते सुरू केलं.

खिडकी बंद होती. दुपारी शेजारच्या काकूंचे कपडे वाळत असत आणि त्यांना आमच्या धुराचा वास लागायचा; त्यावरून दोनदा बोलणं झालं होतं. एवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं.

चाची उठायला लागल्या. त्या नुकत्याच जिना चढून आल्या होत्या. मी म्हणाले, "तुम्ही बसा जी, मी बघते. मशीन सोडून उठू नका फक्त." आणि त्यांना मशीनशेजारच्या स्टुलावर बसवून पाण्याचा फवारा हातात दिला.

गिऱ्हाईक एक आजोबा होते. बायकोच्या फोटोला कुठली पट्टी लावायची ते त्यांना ठरवता येईना. सोनेरी धरायचे, काळी धरायचे, परत सोनेरी. मी घाई केली नाही, कारण घाई करायची नसते हेही चाचींनीच शिकवलं होतं. मध्ये वरून खोकल्याचा आवाज आला. चाची तशा नेहमीच खोकायच्या. मग परत आला. आजोबा म्हणाले, "घरात कोणी आजारी आहे का?" तेव्हा मी जिन्याकडे बघितलं, आणि वास आला.

तो वास मी ओळखते. हाउसकीपिंगला असताना संडासात ॲसिड ओतलं की तो यायचा, नाकातून सरळ डोळ्यांत जाणारा. मी धावत वर गेले. खोलीत पांढुरका धूर होता. तुकडा कापला गेला नव्हता, वितळून बसला होता, आणि मशीन त्याच रेषेवरून परत फिरत होतं. चाची स्टुलावर होत्या. पदर तोंडावर, डोळे लाल, फवारा हातात तसाच.

मी प्लग ओढला, खिडकी उघडली आणि त्यांना धरून जिन्यावर आणलं. "उठला का नाही हो? काहून नाही उठल्या?" मी ओरडत होते.

खोकत खोकत त्या म्हणाल्या, "तूच ना... उठू नका म्हणालीस."

रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाकावर वाफेचा मास्क लावला आणि मला विचारलं, "धूर कशाचा होता?"

मी म्हणाले, "लाकडाचा."

का म्हणाले ते मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. घरात असलं मशीन चालवायचा माझ्याकडे कसलाच कागद नव्हता. पोलीस येतील, दुकानाला कुलूप लागेल, गल्ली म्हणेल की बाहेरून आलेल्या पोरीने म्हातारीला मारलं. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात आलं. तोंडातून बाहेर आलं ते मात्र लाकूड. चाची मास्कमधून बोलू शकत नव्हत्या. दोन तासांनी बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि घरी पाठवलं.

सकाळी त्यांचे ओठ निळसर दिसत होते. वाक्य पुरं होत नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. तिथल्या जिन्यात उभी राहून मी जॉबवर्कच्या दादांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तार लावली होती?"

"नाही."

"डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"लाकूड."

 "ताई, फोन ठेवा. जसा आहे तसा तो तुकडा घेऊन जा. आत्ता."

मी घरी जाऊन वितळलेला तुकडा पिशवीत घातला आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट बघितला. "हे काल बोलायला काय झालं होतं? असल्या वायूचा त्रास नंतर वाढतो. काल कळलं असतं तर त्यांना घरी पाठवलंच नसतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

चाची वाचल्या. पण जिना गेला. पॉलिशचं काम गेलं, त्याचा वासही त्यांना आता चालत नाही. दिवसातून दोनदा दम्याच्या औषधाचा पंप ओढावा लागतो. आता त्या स्टुलावर बसून काच पुसतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात, तेही तुकड्या-तुकड्यांनी. बारवेच्या गृहस्थांना मी फोन करून काम होणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी गृहप्रवेशाला घड्याळ लावलं म्हणे.

सोलापूरहून चाचींची मुलगी आली होती. आईची दशा बघून ती रडली आणि मग भडकली. "अम्मी, लोकांच्या घरातला कचरा उचलून आणायची गरजच काय होती? वय काय तुझं? दुसऱ्याच्या पोरीलाही मारलं असतंस." चाची मान खाली घालून ऐकत होत्या. "हो गं. चुकलंच माझं," म्हणाल्या. मी ओट्याशी चहा गाळत होते. मी गाळतच राहिले.

त्यानंतर चाची ज्याला त्याला हेच सांगू लागल्या. मी आणले ते तुकडे, माझी अक्कल. आणि मला विचारायच्या, "तुझी छाती दुखत नाही ना? खरं सांग." सकाळी हळद घातलेलं दूध माझ्यासाठी झाकून ठेवायच्या. 

तीनेक महिने मी ते प्यायले. मग एका दुपारी दुकानात आम्ही दोघीच असताना सांगितलं. त्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच पुसत होत्या. मी म्हणाले, "चाची, मला माहीत होतं. कड पांढरी दिसली होती. तार लावायला पाहिजे होती. तुम्ही समोर बसला होता म्हणून नाही लावली. आणि दवाखान्यात मी लाकूड सांगितलं."

त्यांचा हात काचेवर फिरत राहिला. काच स्वच्छ झाली होती, तरी फिरत राहिला.

"मी समोर बसले होते म्हणून?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं जी."

"वाटलं असतं ना." त्या श्वासासाठी थांबल्या. "दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते. तिसऱ्या दिवशी चहा टाकला असता."

मी रडायला लागले. "रडू नकोस," त्या म्हणाल्या, "मला उठून पाणी देता येत नाही आता." त्या हे चेष्टेने म्हणाल्या की रागाने, मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दूध झाकून ठेवणं बंद झालं. पाचव्या दिवशी त्यांनी सकाळी हाक मारली, ती एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला. पूर्वीसारखं काही झालं नाही. पण खोली सोड असंही त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वरची झाडलोट कोण करणार? मी?"

मशीन मी दादांच्या शेडमध्ये ठेवलं आहे. कापणी तिथेच करते आणि घरी फक्त घासून, रंगवून, चिकटवून घेते, रंगही गच्चीवर. प्रत्येक फळीला तार लावते, कोणीही दिलेली असो. परवा दादांनीच दिलेल्या फळीला त्यांच्यासमोर लावली. ते म्हणाले, "असंच करा." त्यांना काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

चाचींच्या मुलीला मात्र अजून काही माहीत नाही. ती फोनवर आईला आजही ऐकवते, कचरा आणलास, आणि चाची हो हो म्हणतात. मी म्हणाले, मी सांगते तिला. त्यांनी हात हलवला. "राहू दे. ती तुला घराबाहेर काढेल, मग मला पंप कोण आणून देणार?" मी पुन्हा आग्रह धरला नाही, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी अजून तशीच भित्री आहे.

पण चाची, हे मी लिहून ठेवते. तुमचा श्वास मला परत करता येणार नाही. तुम्ही तुमच्या डोक्यावर घेतलेली माझी चूक तेवढी उतरवता येईल. ईदला ती आली की, आणि तेव्हा नाही जमलं तर पुढच्या ईदला, पण तुम्ही असताना, तुमच्यासमोर, मी तिला सांगेन की तिची आई चुकली नव्हती. मग ती मला घराबाहेर काढो. पंप मी बाहेरूनही आणून देईन.